चव्हाट्यावरचें वाङ्मय

वाङ्मयाचें परीक्षण करावयाचें म्हटलें म्हणजे आपण काव्य, नाटक, कादंबरी, फार तर वृत्तपत्रांतील अग्रलेख यांच्याकडे वळतों. परंतु ज्या लेखनाला आज महाराष्ट्रांत फार मोठा वाचकवर्ग लाभला आहे, जें वाचावयास दाम पडत नाहीं आणि जें न वाचण्याची मुभाही कोणास मिळत नाहीं, त्याकडे समीक्षकाची दृष्टि क्वचितच जाते. हें लेखन म्हणजे चौकांत, रस्त्यांच्या कडेस, पुलांच्या कठड्यांवर व विजेच्या खांबांवर झळकणारे जाहिरातीचे फलक होत. पुण्यामुंबईकडे त्यांस 'फ्लेक्स' म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे 'डिजिटल' हाच शब्द रूढ झाला आहे. नांव कोणतेंही घ्या, वस्तु एकच. या वस्तूस उपद्रव म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण उपद्रवाचेंही स्वरूप समजून घेतल्यावांचून त्याचा परिहार होत नाहीं. म्हणून हें लेखनच आहे असें मानून त्याचा कर्ता कोण, वाचक कोण, भाषा कशी, आणि त्यापासून व्यक्तीच्या व समाजाच्या मनावर कोणते संस्कार घडतात, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं मोठें शहर शोधावयास नको. शिरोळ तालुक्यांतील कुरुंदवाड घ्या. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेलें, एके काळीं पटवर्धनांच्या संस्थानाचें मुख्य ठिकाण असलेलें, १९४८ सालीं संस्थान विलीन झाल्यानंतर इतर गांवांसारखेंच एक गांव झालेलें, आणि आज नगरपरिषदेच्या कारभाराखालीं नांदणारें हें स्थळ. पंचगंगेपलीकडे नृसिंहवाडी, भोंवतालीं उसाचे मळे. अशा गांवांत सार्वजनिक ठिकाणीं लिहिलेलें काय काय असे, याची आठवण केली तर यादी फार लांबत नाहीं. दुकानांवरच्या पाट्या, देवळाच्या वा घाटाच्या दगडावर कोरलेला एखादा लेख, चौकांतील काळ्या फळ्यावर खडूनें लिहिलेली सूचना किंवा मृत्यूची वार्ता. कृष्णाकांठच्या गांवांतून आणखी एक प्रकारचें लेखन आढळतें. महापूर ओसरल्यावर पाणी जेथवर चढलें तेथें भिंतीवर एक रेघ ओढतात व शेजारीं साल लिहितात : २००५, २०१९, २०२१. या रेघेंत कोणाचें नांव नसतें, विशेषण नसतें. पण पुढच्या पावसाळ्यांत धान्याचीं पोतीं कोठवर उचलून ठेवावीं हें ती सांगते. सार्वजनिक जागेवरील लेखनाचा हा उत्तम नमुना होय, आणि त्याच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे बाकीच्याची किंमत कळूं लागते.

पुस्तक आणि फलक यांत एक मूलभूत भेद आहे. पुस्तक वाचकाच्या संमतीनें वाचलें जातें. तें विकत घ्यावें लागतें, उघडावें लागतें, आणि कंटाळा आल्यास मिटतां येतें. वर्तमानपत्रांतील जाहिरातही पान उलटलें कीं नाहींशी होते. फलक मिटण्याची सोय नाहीं. भाजी आणावयास निघालेली गृहिणी, शाळेस जाणारें मूल, दवाखान्यांतून परतणारा रोगी, या सर्वांस तो वाचावाच लागतो. कारण साक्षर मनुष्याची अशी एक अडचण आहे, कीं डोळ्यांपुढें ओळखीचें अक्षर आलें म्हणजे त्याला तें न वाचतां राहवत नाहीं. जो लेखक वाचकास निवड ठेवीत नाहीं त्याच्या शिरावर इतर लेखकांहून अधिक जबाबदारी येते, हें उघड आहे. शिवाय ज्या जागेवर तो लिहितो ती त्याची नव्हे. ग्रंथकाराचा कागद त्याच्या अगर प्रकाशकाच्या पैशाचा असतो. फलकवाल्यानें वापरलेला चौक, खांब व रस्त्यावरचें मोकळें आकाश हीं सर्व गांवाचीं असतात. तेव्हां दुसऱ्याच्या कागदावर, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर, त्याची संमति न घेतां केलेलें हें लेखन आहे.

येथें एक गैरसमज आधींच दूर केलेला बरा. जाहिरात ही स्वभावतःच हीन वस्तु आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. कृष्णेच्या खोऱ्याचा इतिहासच तसें म्हणूं देणार नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीनें शेतकरी तो घेईनात. नांगर चांगला असून भागत नव्हतें. तो चांगला आहे हें पटवून देणेंही अवश्य होतें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं तेथून 'किर्लोस्कर खबर' काढली. आरंभींचा हेतु कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती देण्याचा; पण संपादकाच्या ठायीं चित्रकाराची दृष्टि आणि सुधारकाची कळकळ एकवटली असल्यामुळें त्या पत्रकाचें पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें, व त्याच्या पाठोपाठ १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' हीं मासिकें निघालीं. जाहिरातीच्या पोटीं वाङ्मय जन्मास आल्याचें याहून ठळक उदाहरण मराठींत सांपडणें कठीण.

कोल्हापूरची गोष्टही अशीच. ज्या बाबूराव पेंटरांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापून १९२० सालीं 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढें आणला, तेच आपल्याकडील चित्रपटांच्या भित्तिपत्रकांचे आद्य कलावंत मानले जातात. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचें भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या अगदीं जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत गणलें जातें. पुढें त्याच करवीरनगरींतील जी. कांबळे यांनीं 'मोगल-ए-आझम' (१९६०) या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठीं मोठमोठे फलक रंगविले. आणि ज्या हातानें हे फलक रंगविले त्याच हातानें काढलेलें शिवछत्रपतींचें चित्र महाराष्ट्र शासनानें अधिकृत म्हणून स्वीकारलें. बाजारासाठीं काम करणारा कुंचला कलेस पारखा होतोच असें नाहीं, एवढें यावरून सिद्ध होतें.

या जुन्या जाहिरातींत तीन गोष्टी असत. विकावयाची वस्तु कोणती हें स्पष्ट असे. ती विकणारा कोण हें स्पष्ट असे. आणि सांगण्यामागें कोणा तरी कारागिराचे श्रम असत. आजच्या चौकांतील फलकांत या तिन्ही गोष्टींचा बहुधा लोप झाला आहे, व त्यांच्या दोषांचें मूळ येथेंच आहे.

प्रथम श्रमांची गोष्ट घेऊं. पूर्वीं पाटी रंगवावयाची म्हणजे पेंटरकडे जावें लागे. तो दोरीनें ओळी आंखी, अक्षरांची संख्या मोजी, शब्द अधिक झाले तर कमी करावयास सांगे, आणि 'शुभाशीर्वाद' कसा लिहावयाचा हें शाळेंतल्या मास्तरांस विचारून येई. लिहिण्यास लागणारा वेळ हीच अतिशयोक्तीवरची एक मर्यादा होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं व्हिनाइलच्या पडद्यावर शाई फवारून छापणारीं यंत्रें आलीं व पाहतां पाहतां तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचलीं. आतां चौरस फुटाच्या हिशेबानें पैसे मोजले कीं रात्रींतून पुरुषभर उंचीची प्रतिमा तयार होते. पेंटरचा धंदा बसला. श्रम स्वस्त झाल्याबरोबर शब्दही स्वस्त झाले, आणि 'भावपूर्ण' या शब्दांतील दीर्घ ऊकार तर अनेक ठिकाणीं कायमचाच ऱ्हस्व झाला.

दुसरी गोष्ट वस्तूची. बीबियाणें, सिमेंट, शिकवणीचे वर्ग, पेढे व बासुंदी यांच्या पाट्या अजूनही आहेत, आणि त्यांच्याबद्दल आमची फारशी तक्रार नाहीं. वाडीस आलेल्या यात्रेकरूस पेढे कोठें मिळतात हें पाटीवरून कळत असेल तर ती पाटी उपयोगाचीच म्हटली पाहिजे. परंतु चौक व्यापून टाकतात ते हे फलक नव्हेत. ते असतात वाढदिवसाचे, निवडीचे, नियुक्तीचे, स्वागताचे आणि श्रद्धांजलीचे. येथें विकावयाचा माल म्हणजे प्रत्यक्ष मनुष्यच होय. आणि हा माल विकणारा कोण, ही तिसरी गोष्ट, तर मुद्दामच झांकलेली असते. फलकाच्या तळाशीं 'शुभेच्छुक' म्हणून वीसपंचवीस नांवें असतात. पण पैसे त्यांनीं भरले, का ज्याचा वाढदिवस त्यानेंच भरले, हें फलक कधींच सांगत नाहीं. समर्थ रामदासांनीं दासबोधांत मूर्खांचीं लक्षणें सांगतांना आत्मस्तुति आरंभींच घातली आहे. तिच्यांतून सुटण्याची युक्ति आमच्या काळानें शोधून काढली : स्तुति आपली, पैसा आपला, सही मात्र मित्रमंडळाची.

आतां या लेखनाची रचना पाहूं. ती इतकी ठरून गेली आहे कीं तिला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणावयास हरकत नसावी. वरच्या कडेस थोर पुरुषांच्या प्रतिमा, हें मंगलाचरण. त्याखालीं लहान लहान वर्तुळांत पक्षाचे वरिष्ठ, ही गुरुवंदना. मध्यभागीं नायक, शुभ्र वस्त्रांत, हात जोडलेला किंवा भ्रमणध्वनि कानाशीं धरलेला. आणि तळाशीं शुभेच्छुकांची पंगत. कोणाचें चित्र केवढें व कोणाच्या डाव्या अंगास, याचे नियम दरबारांतील आसनव्यवस्थेहून सैल नसतात. जुन्या शिलालेखांतील व ताम्रपटांतील प्रशस्तीशीं याचें साम्य पुष्कळांच्या ध्यानांत येईल. त्या प्रशस्तींतही राजाचा वंश, पराक्रम व औदार्य यांचें वर्णन भरपूर असे आणि तें फुगविलेलेंही असे. परंतु तिच्या अखेरीस बहुधा एखादें दान, तळें, देऊळ किंवा अग्रहार असे. प्रशस्ति ही कृत्याला चिकटलेली होती; कृत्य नसतें तर दगड कोरण्याचें कारणच उरलें नसतें. आमच्या फलकांत प्रशस्ति शिल्लक राहिली आहे, कृत्य गळून गेलें आहे. नायकानें काय केलें? तर तो आजच्या तिथीस जन्मला.

भाषेची अवस्था याहून शोचनीय आहे. 'कार्यसम्राट', 'हृदयसम्राट', 'दानशूर', 'झुंजार', 'भावी नगराध्यक्ष', 'भावी आमदार' हीं विशेषणें कुरुंदवाडाहून मुंबईपर्यंत सारखींच चालतात. सम्राट एकापेक्षां अधिक असूं शकत नाहींत, हा त्या शब्दाचा अर्थच आहे. पण एका रस्त्यावर चार सम्राट सुखानें नांदतात व कोणासही त्यांत विसंगति वाटत नाहीं. 'भावी' या शब्दाचा उपयोग तर मोठा चमत्कारिक. ज्यानें अद्याप कांहीं केलेलें नाहीं त्याची स्तुति करावयाची असेल तर ती भविष्यकाळांतच करणें भाग पडतें. यांत हंसण्यासारखें पुष्कळ असलें तरी एक हानि खरी आहे. नाणें फार पाडलें म्हणजे त्याची किंमत उतरते, शब्दांचेंही तसेंच. आपल्या गांवांत एखादी बाई तीस वर्षें गरीब मुलींस फुकट शिकविते, एखादा डॉक्टर महापुरांत कमरेइतक्या पाण्यांतून औषधें पोंचवितो. अशा मनुष्यास 'समाजसेवक' म्हणावें तर तो शब्द कालच कोणाच्या वाढदिवसास खर्ची पडलेला असतो. ज्या समाजांत स्तुतीचे शब्द अर्थशून्य होतात, त्याजवळ गुणांची ओळख पटविण्याचें साधनच उरत नाहीं. आणि हें शोकासही लागू आहे. गेलेल्या मनुष्याच्या फलकावर त्याच्या मुलाबाळांपेक्षां श्रद्धांजलि वाहणाऱ्यांचीं नांवें ठळक असतात, हें आपण रोज पाहतों.

मम्मटानें काव्याचीं जीं प्रयोजनें सांगितलीं त्यांत यश आणि अर्थ हीं पहिलीं दोन आहेत. तीं या वाङ्मयास पुरेपूर साधलीं आहेत, यांत संशय नाहीं. पण त्यानें पुढें व्यवहाराचें ज्ञान, अमंगलाचा नाश, श्रेष्ठ आनंद आणि प्रेमळ उपदेश हींही सांगितलीं आहेत. या चार कसोट्या लावल्या तर फलकाच्या हातीं काय उरतें? व्यवहाराचें ज्ञान म्हणून पाहावें, तर नळाला पाणी कधीं येणार, दाखले कोठें मिळणार, यांतलें एकही अक्षर त्यावर नाहीं. उपदेश म्हणावा, तर तो मूकपणें एकच गोष्ट शिकवितो : दिसणें म्हणजेच असणें.

हाच उपदेश व्यक्तीच्या मनांत खोल उतरतो. ज्याचा फलक नाहीं त्याला गांवांत स्थान नाहीं, अशी समजूत तरुणांत पसरते. शुभेच्छुकांच्या यादींत आपलें नांव यावें म्हणून ज्याच्या घरीं चूल जेमतेम पेटते असा मुलगाही वर्गणी देतो; आणि नांव राहून गेलें तर तें वैराचें कारण होतें. एकानें दहा फुटी लावला म्हणून दुसरा पंधरा फुटी लावतो. कोणाचा फलक कोणी फाडला एवढ्यावरून गांवोगांवीं मारामाऱ्या होतात व जमाव जमतात. लहान मुलाच्या मनावर होणारा परिणाम याहून सूक्ष्म आहे. शाळेंतील पुस्तकांत तें वाचतें कीं मोठेपणा कष्टानें मिळतो. शाळेच्या वाटेवर तें पाहतें कीं मोठेपणा चौरस फुटानें मिळतो. पहिला पाठ वर्षांतून एकदां, दुसरा दिवसांतून दोनदां. यांपैकीं कोणता टिकेल, हें सांगावयास नको. कुरुंदवाडास नदीकांठीं सेनापति संताजी घोरपडे यांची समाधि आहे. १६९७ सालीं मृत्यु पावलेल्या ज्या वीराच्या नांवानें मोगल छावणी हादरत असे, त्याच्या समाधीपेक्षां वाटेवरच्या वाढदिवसाचा फलक मुलाच्या दृष्टीस मोठा दिसावा, हें प्रमाण कोठें तरी चुकलें आहे.

समाजाच्या दृष्टीनें पाहतां प्रश्न आणखी गंभीर होतो. चौक ही सर्वांची जागा आहे. आणि सर्वांची जागा टिकते ती प्रत्येकानें थोडें आंखडून घेतल्यानें. याचा धडा शिकावयास कुरुंदवाडकरांस दूर जावें लागत नाहीं. तेथील कांहीं मशिदींत गणपति बसविण्याची प्रथा आहे, आणि गणेशोत्सव व मोहरम एकत्र आले तर एकाच छताखालीं दोन्ही साजरे होतात, ही गोष्ट महाराष्ट्रभर कौतुकानें सांगितली जाते. दुसऱ्यास आपल्या घरांत जागा करून देणें ही ज्या गांवाची रीत, त्याच गांवाच्या रस्त्यांवर दुसऱ्याची जागा व्यापून बसण्याची चढाओढ चालावी, हा विरोध खेदजनक आहे.

या चढाओढीची परमावधि २०१९ च्या महापुरांत दिसली. ऑगस्ट महिन्यांत शिरोळ तालुका पाण्याखालीं गेला. कुरुंदवाड व नृसिंहवाडी यांना पाण्यानें वेढलें. हजारों माणसें गुरांढोरांसह घरें सोडून बाहेर पडलीं. त्या वेळीं कोल्हापूर जिल्ह्यांत वाटल्या गेलेल्या सरकारी धान्याच्या पिशव्यांवर सत्तेवरील पुढाऱ्यांचीं छायाचित्रें असलेले कागद चिकटविल्याचें उघडकीस आलें, व त्यावर राज्यभर टीका झाली. हें कोणा एका पक्षाचें पाप म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. संधि मिळती तर दुसऱ्यांनींही तेंच केलें असतें, अशी शंका घेण्यास जागा आहे. विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्यानें तो कागद चिकटविला त्याला आपण कांहीं लाजिरवाणें करीत आहों असें वाटलेंच नसावें. वर्षानुवर्षें प्रत्येक रिकाम्या जागेवर चेहरा लावण्याची संवय जडल्यावर भुकेल्याच्या पिशवीची रिकामी बाजू तेवढी त्यांतून कशी सुटावी? फलकानें डोळे बिघडतात एवढेंच नव्हे; दान आणि जाहिरात यांतील भेद ओळखणारी बुद्धिही हळूहळू बोथट होते.

कायदा नाहीं म्हणून हें चालतें, असेंही नाहीं. मालमत्तेचें विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९९५ सालचा आहे, आणि त्यांत कैदेची व दंडाची तरतूद आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशन या संस्थेनें २०११ सालीं केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें ३१ जानेवारी २०१७ रोजीं निकाल देऊन बेकायदा फलकांविरुद्ध कारवाई करण्याचे सविस्तर आदेश पालिकांस दिले. पण ज्या अधिकाऱ्यानें फलक उतरवावयाचा, त्याची बदली ज्यांच्या शब्दावर होते त्यांचेंच चित्र त्या फलकावर असतें. मग आदेश कागदावर राहतो व फलक खांबावर. याची किंमत कधीं कधीं प्राणांनीं द्यावी लागते. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें वादळी वाऱ्यांत पेट्रोल पंपावर एक प्रचंड जाहिरातफलक कोसळला व सतरा माणसें मृत्युमुखीं पडलीं. पालिकेची मर्यादा चाळीस फूट लांबीरुंदीची. तो फलक होता एकशेंवीस फूट लांब व तितकाच उंच. अमंगलाचा नाश हें जें प्रयोजन मम्मटानें सांगितलें, त्याच्या नेमकें उलट येथें घडलें.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें न्यायबुद्धीनें ऐकिलें पाहिजे. तो म्हणेल, 'पूर्वीं चौकांत नांव लागे तें संस्थानिकाचें, सावकाराचें, देणगीदाराचें. घाटावरचा दगड कोरून घेण्याची ऐपत शेतमजुराच्या मुलाला कधींच नव्हती. आज त्याचाही चेहरा चौकांत दिसतो. ज्या वस्तींना गांवानें शतकानुशतकें वेशीबाहेर ठेविलें, त्यांच्या महापुरुषांच्या जयंतीचे फलक आज मुख्य रस्त्यावर लागतात. सुशिक्षितांस जें विद्रूप दिसतें, तें दुसऱ्या कोणाचें प्रथमच दिसणें असूं शकेल.' हा आक्षेप वजनदार आहे, आणि फलकांविषयीं केवळ सौंदर्याच्या नांवाखालीं नाक मुरडणाऱ्या मध्यमवर्गानें तो मनावर घेतलाच पाहिजे. आपल्या दिवाणखान्यांत तसबिरी, बंगल्यावर संगमरवरी नांव व लग्नपत्रिकेवर पदव्यांची माळ लावणाऱ्यानें दुसऱ्याच्या हौसेस हंसूं नये.

तरीही या आक्षेपांतील सत्य मान्य करूनच त्याची मर्यादा दाखवितां येते. नवागतास चौकांत जागा मिळाली, ही जमेची बाजू. पण ती जागा कोणत्या नात्यानें मिळाली? वर्तुळाच्या वरच्या भागांत ठरलेले पांचसात चेहरे ठरलेल्या आकाराचे असतात. मजुराच्या मुलाचा चेहरा खालच्या रांगेंत अंगठ्याएवढा असतो, आणि तोही पुढाऱ्याची स्तुति करण्याच्या अटीवर. संस्थानी दरबार गेला, पण दरबाराची रांग फलकावर पुन्हा उभी राहिली. शिवाय जेथें पैशाच्या मानानें जागा मिळते, तेथें गरिबाचा आवाज वाढत नाहीं, दबतो. कारण त्याच्या चार फुटांवर दुसऱ्याचे चाळीस फूट केव्हांही चढतात. ज्या मुलाचा चेहरा चौकांत यावा अशी आमचीही इच्छा आहे, त्याचें नांव परीक्षेंत, कुस्तींत, शेतींत किंवा नाटकांत त्यानें केलेल्या कामासाठीं लिहिलें जावें. आणि तें गांवानें लिहावें, मित्रमंडळाच्या खर्चानें नव्हे. हुरड्याच्या दिवसांनंतर ऊसतोडणीच्या खोपटांवरून फिरलें म्हणजे या सगळ्याचा एक विलक्षण शेवट दिसतो. उतरविलेले फलक तेथें छप्पर म्हणून घातलेले असतात. सम्राटांचीं हंसरीं मुखें उलटीसुलटीं होऊन मजुरांच्या मुलांवर थंडीवाऱ्याचा आडोसा धरतात. त्या फलकांनीं कोणाचें खरें कल्याण केलें असेल तर तें येथें, आणि तेंही त्यांतील अक्षरांमुळें नव्हे.

यावर उपाय काय? संपूर्ण बंदीचें उदाहरण जगांत आहे. ब्राझील देशांतील साओ पावलो या महानगरानें २००६ सालीं कायदा करून १ जानेवारी २००७ पासून रस्त्यांवरील जाहिरातफलक काढून टाकले, आणि झांकलेलें शहर नागरिकांस पुन्हा दिसूं लागलें. आपल्याकडे एकदम तेवढें होईल असें वाटत नाहीं. पण एका छोट्या नगरपरिषदेस जमण्यासारख्या चार गोष्टी आहेत. फलकांसाठीं गांवांत दोनतीन जागा ठरवाव्या व बाकीचे खांब, झाडें, पूल आणि शाळेच्या भिंती सर्वस्वी मोकळ्या ठेवाव्या. आकार सर्वांस एकच असावा, मग तो मंत्र्याचा असो वा हमालाचा. मुदत तीन दिवसांची असावी. आणि प्रत्येक फलकावर छापणाराचें नांव, परवान्याचा क्रमांक व पैसे कोणी भरले हें ठळक अक्षरांत छापणें सक्तीचें करावें. आमच्या मतें या चौथ्या अटीनेंच निम्मे फलक आपोआप उतरतील. कारण स्वतःच्या खर्चानें स्वतःस सम्राट म्हणवून घेण्याचें धैर्य फार थोड्यांच्या अंगीं असतें. याच्या जोडीला चौकांतील काळा फळा पुन्हा जागता करावा. पाण्याची वेळ, पुराची पातळी, वाचनालयांतील नवीं पुस्तकें, गांवांतील मुलामुलींचें यश, आणि गेलेल्यांचीं नांवें, सर्व एकाच आकाराच्या अक्षरांत, खडूनें. त्याला खर्च नाहीं, आणि तो रोज पुसला जातो, हा त्याचा आणखी एक गुण.

परंतु कायदा व पालिका यांच्यावर सर्व भार टाकून सुशिक्षित कुटुंबांस मोकळें होतां येणार नाहीं. या वाङ्मयाचे आश्रयदाते आपणच आहों. शिकवणीच्या फलकावर मुलाचें छायाचित्र झळकलें म्हणजे आपण तें नातेवाइकांस दाखवितों. संस्थेच्या शुभेच्छुकांत आपलें नांव विचारून घातलें तर आपल्याला गोड वाटतें. आणि विचारल्यावांचून घातलें तरी आपण गप्प बसतों. आपलें नांव कोणाच्याही स्तुतीच्या फलकावर येऊं द्यावयाचें नाहीं, घरांतील वाढदिवस घरांतच साजरा करावयाचा, आणि गेलेल्या माणसाची आठवण फलकानें न करितां वाचनालयास दिलेल्या एखाद्या ग्रंथानें करावयाची, एवढें जरी शंभर घरांनीं ठरविलें, तरी लहान गांवांत त्याचा परिणाम दिसल्याखेरीज राहणार नाहीं. मुलांसही तें दिसेल. पुढच्या पावसाळ्यांत पूर ओसरल्यावर भिंतीवरच्या रेघेशेजारीं साल लिहावयास त्यांपैकींच कोणी तरी जाईल, आणि तेथें स्वतःचें नांव लिहावयाचें नसतें हें त्याला सांगावें लागणार नाहीं.